सोनोगाशिरा फसतेय? कॅटालिस्टला शिव्या देण्याआधी या चुका टाळा

सोनोगाशिरा म्हणजे अल्काइन आणि अरिल हॅलाइड (बेंझीन रिंगवर आयोडीन, ब्रोमीन किंवा क्लोरीन असलेला रेणू) पॅलेडियम-कॉपर वापरून जोडायची रिअ‍ॅक्शन. ही जोडणी, म्हणजे कपलिंग, झालं नाही की पहिला राग पॅलेडियमवर निघतो, नवीन बाटली मागवा, लोडिंग दुप्पट करा वगैरे. पण खरं सांगू का, बऱ्याचदा दोषी असते हवा. कॉपर आणि ऑक्सिजन एकत्र आले की टर्मिनल अल्काइन (ट्रिपल बाँड टोकाला असलेलं) स्वतःशीच जोडलं जातं आणि डायआइन (दोन ट्रिपल बाँडवालं) बनतं, ग्लेझरने हे 1869 मध्येच दाखवलं होतं, म्हणजे सोनोगाशिरा (1975) यायच्या शंभर वर्षं आधीपासून ही भानगड टपून बसलीय. मीही एकदा टीएलसीवर (रिअ‍ॅक्शन तपासायची छोटी प्लेट) झकास नवा स्पॉट बघून खूश झालो, कॉलम केला, मास यायला हवा होता 178 (हवं ते प्रॉडक्ट) आणि आला 202 (डायआइन)! फिनाइलअसिटिलीन सगळं संपलं, आयोडोबेंझीन मात्र जसंच्या तसं.

नुसता आर्गॉनचा फुगा वर लावून काही होत नाही. सॉल्व्हंट आणि अमीन (बेस) दोन्हीतून 15-20 मिनिटं आर्गॉन बुडबुडत सोडा, नाहीतर फ्रीझ-पंप-थॉ (गोठवा, हवा खेचा, वितळवा) तीन वेळा करा, कॉपर आयोडाइड त्यानंतरच, आणि अल्काइन सगळ्यात शेवटी, थेंबथेंब. तरी चिमूटभर डायआइन दिसेलच, कारण पॅलेडियम टू (Pd(II)) वापरलंत तर ते झीरो (Pd(0)) व्हायला थोडं अल्काइन खातंच, त्याचं टेन्शन घेऊ नका.

दुसरं म्हणजे तापमान. अरिल आयोडाइड रूम टेम्परेचरला चालतं, ब्रोमाइडला बहुतेक वेळा गरम करावं लागतं, आणि साध्या ट्रायफिनाइलफॉस्फीनवर (पॅलेडियमचा नेहमीचा लिगँड) साध्या क्लोराइडची आशा सोडा. टीएमएस-असिटिलीन (ट्रायमिथाइलसिलिल गट लावलेलं असिटिलीन) 53 डिग्रीलाच उकळतं, उघड्या कंडेन्सरखाली 80 वर ठेवलंत तर रिअ‍ॅक्शनआधी तेच उडून जाईल, सील्ड ट्यूब घ्या.

सगळ्यात फसवी केस ऑर्थो-आयोडोफिनॉलची (ओएच आणि आयोडीन शेजारी-शेजारी). एलसीएमएसवर (मास मोजायचं मशीन) मास अगदी बरोबर येतो, आपण खूश, पण एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) भलताच, कारण ओएच अल्काइनवर चढून बेंझोफ्युरान झालेलं असतं, आयसोमर आहे ना, मास कसा बदलणार? आयआरमध्ये (इन्फ्रारेड) 2200 cm⁻¹ च्या आसपासचा अल्काइनचा पट्टा सिमेट्रिकल अल्काइनला तसाही दिसत नाही, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका, कार्बन एनएमआरमध्ये साधारण 80-100 पीपीएमला अल्काइनचे दोन कार्बन आहेत का बघा.

वर्कअपला अ‍ॅसिड जपून, इलेक्ट्रॉन-रिच अल्काइनवर स्ट्राँग अ‍ॅसिड आणि पाणी मिळालं की कीटोन होतो. अमोनियम क्लोराइडने धुवा, कॉपरमुळे पाणी निळं येईपर्यंत नाही, निळं यायचं थांबेपर्यंत. आणि फिल्टरवरचा पिवळा-लाल कॉपर असिटिलाइड कधीच कोरडा पडू देऊ नका, तो स्फोटक असतो.