जेंटामायसिनची एमआयसी काढताना: लॅबमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

जेंटामायसिनसारख्या प्रतिजैविकाचं जे सर्वांत कमी प्रमाण जिवाणूची डोळ्यांना दिसणारी वाढ थांबवतं, ते म्हणजे एमआयसी. प्रतिरोधावर काम करायचं म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हीच चाचणी हाताने करायला लावते. जीन्स, एन्झाइम्स, औषधाचं रक्तातलं प्रमाण, सगळं पुढे या एका आकड्याशी जोडायचं असतं. आकडा कच्चा असेल तर त्यावरचं सगळंच कच्चं.

सुरुवात वजनापासून. बाटलीतली पावडर म्हणजे शंभर टक्के औषध नव्हे. लेबलवर पोटेन्सी, म्हणजे पावडरीत खरं औषध किती, दिलेली असते ती बघा. समजा, मिलिग्रॅमला ६४० मायक्रोग्रॅम लिहिलं आहे आणि तुम्हाला १२८० मिग्रॅ/लिटरचा २५ मिलिलिटर स्टॉक हवा आहे. २५ गुणिले १२८०, भागिले ६४०, म्हणजे ५० मिलिग्रॅम. पोटेन्सी विसरलात तर ३२ मिलिग्रॅमच घ्याल आणि सगळ्या एमआयसी उगाच चढ्या दिसतील. जेंटामायसिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे तिथे काही अडचण नाही.

ब्रॉथ, म्हणजे जिवाणू वाढवायचं द्रव माध्यम, म्युलर-हिंटनच हवा, तोही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नेमकं केलेला: लिटरला कॅल्शियम २० ते २५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १० ते १२.५. ही केवळ औपचारिकता नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातले रेणू हे दोन आयनच एकमेकांना बांधून ठेवतात, आणि जेंटामायसिन त्यांनाच हटवून आत शिरतं. आयन कमी पडले की औषधाला वाट सोपी होते. सुडोमोनास या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूमध्ये हा फरक इतका पडतो की प्रतिरोधी स्ट्रेन संवेदनशील दिसू शकते. पीएच ७.२ ते ७.४; माध्यम आम्लाकडे झुकलं की हेच औषध मंदावतं.

आता प्लेट. ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका स्ट्रेनला एक ओळ. दोन ते अकरा क्रमांकाच्या वेलमध्ये १०० मायक्रोलिटर ब्रॉथ, बाराव्यात २००. स्टॉक ब्रॉथमध्ये दहापट पातळ करून १२८ मिग्रॅ/लिटर करा आणि त्यातले २०० मायक्रोलिटर पहिल्या वेलमध्ये घाला. तिथून १०० उचलून दुसऱ्यात, मिसळा, मग तिसऱ्यात, असं दहाव्यापर्यंत. दहाव्यातले १०० टाकून द्या. दर टप्प्याला टिप बदला, कारण टिपला चिकटलेलं औषध पुढे पुढे जात राहतं. अकरावी वेल ग्रोथ कंट्रोल (औषधाशिवाय जिवाणू), बारावी निर्जंतुक (फक्त ब्रॉथ). जिवाणू घातल्यावर औषध निम्मं होतं, म्हणून अंतिम पट्टा ६४ पासून ०.१२५ पर्यंत.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो इनॉक्युलमवर, म्हणजे वेलमध्ये घालायच्या जिवाणूंच्या प्रमाणावर. ताज्या प्लेटवरच्या तीन-चार एकसारख्या कॉलनी सलाइनमध्ये घोळवून ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मापाशी जुळवा, ई. कोलायचे त्यात मिलिलिटरला साधारण १० ते २० कोटी जिवाणू असतात. त्यातले १०० मायक्रोलिटर ९.९ मिलिलिटर ब्रॉथमध्ये घाला म्हणजे १० लाखांच्या आसपास येतात. याचे १०० मायक्रोलिटर पहिल्या अकरा वेलमध्ये घातले की वेलमध्ये मिलिलिटरला ५ लाख. हे सगळं अर्ध्या तासात उरका. जिवाणू थांबून राहत नाहीत, वाढत असतात.

आणि मोजा. ग्रोथ कंट्रोलमधले १० मायक्रोलिटर लगेच १० मिलिलिटर सलाइनमध्ये टाका, त्यातले १०० अगारवर पसरा. दुसऱ्या दिवशी ५० च्या जवळपास कॉलनी दिसल्या तर इनॉक्युलम बरोबर. ३०० दिसल्या तर ती प्लेट मी धरत नाही, निकाल कितीही देखणा असो. हे मोजणं रोजच्या घाईत सर्वांत आधी गळतं, आणि म्हणूनच मी त्याबाबत हटून बसते.

प्लेट झाकून ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. वाचताना काळ्या पृष्ठभागावर धरून खालून बघा: वाढ असेल तिथे तळाशी पांढरट ठिपका किंवा गढूळपणा असतो. आधी अकरावी आणि बारावी वेल तपासा, मग बाकीच्या. मध्येच एक वेल स्वच्छ आणि पुढची गढूळ असेल तर अंदाज बांधू नका, ओळ पुन्हा लावा. ६४ मध्येही वाढ असेल तर ‘६४ पेक्षा जास्त’ एवढंच लिहा. रायबोसोमवरच मिथाइल गट चढवणारं आर्मए हे जीन असलेल्या स्ट्रेनमध्ये हे हमखास दिसतं. सोबत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ ही तुलनेची प्रमाण स्ट्रेन लावलेली असायलाच हवी. तिची एमआयसी ०.२५ ते १ मध्ये आली नाही तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द.

एमआयसी २ आली म्हणजे खरी किंमत १ च्या वर आणि २ पर्यंत कुठेही आहे. चाचणीत एक पायरी (म्हणजे दुप्पट किंवा निम्मं) वर-खाली होतेच. त्यामुळे काल १ आणि आज २ दिसलं म्हणून प्रतिरोध वाढला असं लिहू नका. दोन्ही स्ट्रेन एकाच दिवशी, एकाच ब्रॉथमध्ये, शेजारी लावा. मात्र पायरी क्षुल्लकही नाही. जेंटामायसिनचं रक्तातलं शिखर एमआयसीच्या ८ ते १० पट असावं लागतं. एमआयसी १ ला हे ८ ते १० मिग्रॅ/लिटर होतं, ४ ला ३२ ते ४०, आणि तिथे मूत्रपिंड व कानाला होणारी इजा आड येते.

प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये टाकण्याआधी स्वच्छ वेलमधले १०-१० मायक्रोलिटर साध्या अगारवर लावून ठेवा. सुरुवातीला तेवढ्या थेंबात ५००० जिवाणू होते. पाच किंवा त्याहून कमी कॉलनी उगवल्या तर ९९.९ टक्के मेले. अशी सर्वांत कमी औषधाची वेल म्हणजे एमबीसी, जिवाणू मारणारं सर्वांत कमी प्रमाण. जेंटामायसिनसाठी ती एमआयसीपासून एक-दोन पायऱ्यांतच असायची. दूर गेली तर औषध जिवाणूला फक्त थोपवतंय, मारत नाही, आणि ती स्ट्रेन बाजूला काढून टाइम-किलला, म्हणजे ठरावीक वेळांनी जिवंत जिवाणू मोजण्याच्या चाचणीला, लावा.