ट्युलिप पुढच्या वर्षी परत का येत नाही? मराठवाड्यात या चुका टाळा

दरवर्षी फेब्रुवारी संपला की तोच प्रश्न. ऑनलाइन मागवलेले कंद छान फुलले, फोटो स्टेटसला टाकले, सगळ्यांनी विचारलं कुठून आणले, आणि पुढच्या हिवाळ्यात त्याच कुंडीतून एखादं पान वर आलं नाहीतर तेही नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेड, सगळीकडचे लोक विचारायलेत की आमचं काय चुकलं. तर आधी सरळ सांगते, आपल्या हवेत ट्युलिप वर्षानुवर्षं परत येत नाही, कितीही जीव लावला तरी. तो येईल म्हणून वर्षभर कुंडी सांभाळत बसणं हीच सगळ्यात मोठी चूक.

ट्युलिप मूळचा मध्य आशियातल्या डोंगरांमधला, तियान शानच्या बाजूचा. तिथं हिवाळाभर जमीन गारठलेली असते आणि उन्हाळा कोरडा जातो. कंदाला १२ ते १६ आठवडे २ ते ९ अंशांची सलग थंडी मिळाली तरच आतलं फूल लांब देठावर नीट वर येतं. आता तुम्ही म्हणाल परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा ५-६ अंशांवर गेल्याची बातमी येतेच की पेपरात. येते, पण तो आकडा पहाटेचा, दुपारी तिथंच २७-२८ अंश असतात आणि ती लाट आठवडाभरात ओसरते. दिल्ली आपल्यापेक्षा किती थंड, तरी तिथं शांतिपथावर फेब्रुवारीत जे ट्युलिप दिसतात त्यांच्यासाठी दरवर्षी नवे कंद आणावे लागतात, बरेचसे नेदरलँडहून. श्रीनगरची गोष्ट वेगळी, दल सरोवराजवळची ती मोठी बाग २००७ ला सुरू झाली, पण तिथं हिवाळ्यात बर्फ पडतो.

दुसरं कारण मातीखाली आहे, फूल गेल्यावर एक कंद उकरून बघाच. तुम्ही लावलेला जाडजूड कंद तिथं नसतोच, तपकिरी पातळ सालपट उरलेलं असतं आणि त्याला चिकटून दोन-तीन नवे कंद, काही तर लसणाच्या पाकळीएवढे. ट्युलिप दरवर्षी जुना कंद पूर्ण खर्च करून नवे तयार करतो. त्या नव्यांना फुगायला फुलानंतर सहाएक आठवडे हिरवी पानं आणि गार हवा पाहिजे, आणि आपल्याकडं शिवरात्र झाली की ऊन चटकायला लागतं, पानं बघता बघता पिवळी पडतात, कंद बारीकच राहतो आणि बारीक कंद एक पान काढून गप्प बसतो. त्यातून वाचला तर मे महिन्यातले ४२ अंश, आणि त्यातूनही वाचला तर जूनच्या पावसात सडतो.

म्हणून ट्युलिप लावायचाच असेल तर एका हंगामाचं फूल म्हणून लावा, त्यात काही वाईट नाही, पण मग तो एक हंगाम तरी वाया जाऊ देऊ नका. वर सांगितलेली थंडी आपल्याकडं कंदाला फ्रिजमध्येच द्यावी लागते, आणि बहुतेकांचा घोळ तिथंच होतो. कंद थंडी देऊन आलेत का ते विक्रेत्याला आधी विचारा, नसतील तर सप्टेंबरच्या शेवटी कागदी पिशवीत घालून भाजीच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये बिलकुल नाही, आणि बंद प्लास्टिकमध्येही नाही कारण ओल धरून बुरशी येते. त्या फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, टोमॅटो ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून इथिलिन नावाचा वायू निघतो, त्यानं कंदातली कळी आतच मरते, बाहेरून कंद एकदम ठणठणीत दिसतो आणि नंतर नुसती पानं येतात. आणि महिन्याभरात कोंब दिसला म्हणून घाईनं बाहेर काढू नका, किमान १२ आठवडे होऊ द्या, म्हणजे लावणी डिसेंबरच्या शेवटी येते.

फूल पानांतच अडकलं, देठ बोटभरच राहिला तर समजा थंडी कमी पडली किंवा लावल्यावर ऊन जास्त लागलं. कळी सुकून कागदासारखी झाली तर गरमी किंवा मध्येच पाणी तुटलं. कंद मऊ पडून वास यायला लागला तर दोष मातीचा, आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती कुंडीत एकटी वापरूच नका, पोयटा, जाड वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळा. कुंडी गच्चीवर भर उन्हात नको, सकाळचं ऊन येतं अशा पूर्वेच्या बाजूला ठेवा.

आता ज्यांना खरंच दर वसंतात परत येणारं फूल पाहिजे त्यांनी अमॅरिलिस लावा, नर्सरीत मोठी लाल-केशरी लिली म्हणून मिळते. आपल्या उन्हाला घाबरत नाही, कंद वर्षागणिक मोठा होतो, पिल्लं देतो, आणि पाडव्याच्या मागंपुढं जाड पोकळ दांडा काढून फुलतो. मला विचाराल तर मराठवाड्याचा ट्युलिप हाच.

पण यातही लोक चुकतात. ट्युलिपसारखा हा कंद पूर्ण पुरायचा नाही, मान आणि वरचा थोडा भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, नाहीतर कुजतो. कुंडी कंदापेक्षा दोन-तीन बोटं रुंद बास झाली, मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि पिल्लंच वाढतात. दरवर्षी उपटून कुंडी बदलू नका, मुळं दुखावली की त्या वर्षी फूल हुकतं. फूल गेलं की फक्त दांडा कापा, पानं ठेवा, पुढच्या वर्षीचं फूल त्या पानांच्या जिवावरच कंदात तयार होतं, आणि पावसाळाभर महिन्यातून एकदा खत द्या. सगळ्यात जास्त फुलं बुडतात ती हिवाळ्यात रोजच्या सवयीनं पाणी घातल्यामुळं. दिवाळीनंतर पाणी कमी करत आणा, डिसेंबर-जानेवारीत जवळपास बंद ठेवा, पानं झडली तरी झडू द्या, मग फेब्रुवारीत कोंब दिसला की हळूहळू सुरू करा.

आणि पावसाळ्यात पानं उलटून बघत जा. काळ्या रंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची किंवा ठिपक्यांची अळी लिलीवर झुंडीनं येते, पानाच्या आत शिरते आणि खात खात कंदापर्यंत जाते. सुरुवातीलाच हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाका, संध्याकाळी निंबोळी तेल फवारा, आणि चार दिवसांनी पुन्हा बघा कारण अंडी पानाच्या खालच्या बाजूला राहिलेली असतात.