सकाळी उठल्या उठल्या शिंका येतात? आधी गादी बघा

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. पण नाकाडोळ्यांना खाज, पाण्यासारखं गळणारं नाक, एकामागून एक शिंका, ताप मात्र नाही आणि हे महिनोन्‌महिने चालूच, तर ते बहुतेक ॲलर्जीचं असतं. मग त्रास कधी आणि कुठे वाढतो ते थोडे दिवस मोबाईलमध्ये लिहून ठेवा, डॉक्टरांनाही त्याचा फार उपयोग होतो.

सकाळी अंथरुणातच सुरू होत असेल तर संशय गादी-उशीवर घ्या. त्यात माइट्स नावाचे डोळ्याला न दिसणारे बारीक जीव असतात, आपल्या अंगाची झडलेली कातडी खाऊन जगतात आणि दमट हवेत वाढतात, म्हणून मुंबई-कोकणात हा त्रास जास्त. चादरी, अभ्रे आठवड्यातून एकदा ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धुवा, गार पाण्यात माइट्स मरत नाहीत. गादीला चेनवालं माइट-प्रूफ कव्हर घाला, कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं मारा, आणि दिवाळीत माळा साफ करायला ज्याला ॲलर्जी आहे त्याला अजिबात चढवू नका, प्लीज! पावसाळ्यात कपाटामागच्या भिंतीवर बुरशी येते तीही बघा, नुसती पुसून भागत नाही, ओल कुठून येते ते बंद करावं लागतं.

बाहेर गेल्यावर वाढत असेल तर आपल्याकडे गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, हे मोठं कारण. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं आणि आता रिकामा प्लॉट दिसला की ते आहेच. फुलं यायच्या आधी मुळासकट उपटा, पण हातमोजे आणि मास्क घालूनच, कारण नुसत्या स्पर्शानेही अंगावर पुरळ उठतं. बाहेरून आलात की कपडे बदला, तोंड-हात धुवा.

औषधात लोक सगळ्यात जास्त चुकतात ते स्टिरॉइडच्या नेझल स्प्रेमध्ये. डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर कानाच्या बाजूला ठेवा, जोरात ओढू नका. पूर्ण फरक पडायला एक-दोन आठवडे जातात, दोन दिवसांत सोडून देऊ नका. चोंदलेलं नाक लगेच मोकळं करणारे ड्रॉप्स मात्र तीन-चार दिवसांच्या वर नकोत, नाहीतर नाक आणखी चोंदतं. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने झोप येते, घेऊन गाडी चालवू नका. ॲलर्जी कशाची आहे ते शोधायची स्किन टेस्ट करणार असाल तर ही गोळी किती दिवस आधी बंद करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, नाहीतर रिपोर्ट चुकतो.

छातीत घरघर, रात्री खोकल्याने जाग किंवा दम लागत असेल तर घरी प्रयोग करत बसू नका, दम्याची तपासणी लगेच करून घ्या. आणि बोलतानाही धाप लागत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.