रशियन प्राण्यांची नावं इंग्रजीत नेताना: आधी लॅटिन नाव गाठा

रशियन 'बेलुखा' म्हणजे पांढरा देवमासा आणि 'बेलुगा' म्हणजे कॅव्हियारसाठी (खारवलेल्या अंड्यांसाठी) प्रसिद्ध असलेला मोठा स्टर्जन मासा. इंग्रजीत मात्र दोघांनाही 'बेलुगा' म्हणतात! अशा ठिकाणी शब्दकोश हमखास दगा देतो. मी सरळ शास्त्रीय नावाचा आधार घेते:

१. विकिपीडियावर त्या प्राण्याचं रशियन पान उघडा आणि लॅटिन नाव टिपून घ्या. बेलुखा डेल्फिनाप्टेरस ल्यूकस निघेल, बेलुगा हूसो हूसो.
२. तेच लॅटिन नाव टाकून इंग्रजी पान शोधा.
३. मूळ मजकूर पुन्हा वाचा. 'कासात्का' हा ऑर्का (किलर व्हेल) हा समुद्री प्राणीही असतो आणि घराच्या वळचणीला घरटं बांधणारी पाकोळीही. समुद्र आहे की अंगण, हे आजूबाजूची वाक्यंच सांगतात.

पर्यावरणाच्या संज्ञांना लॅटिनचा आधार नसतो, तिथे कायद्यातला अर्थ बघावा लागतो. रशियातल्या संरक्षित क्षेत्रांचंच बघा: 'झापोव्हेदनिक'मध्ये निसर्गाला जवळजवळ हातच लावायचा नसतो, 'झाकाझनिक'मध्ये ठरावीक गोष्टींवरच बंदी असते. दोन्हींना नुसतं 'रिझर्व्ह' म्हटलं की हा फरक पार पुसला जातो, आणि मला ते फार खटकतं. रशियन शब्द तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला अर्धी ओळ खुलासा द्या.

एक जपा: लॅटिन नावंही बदलतात. हिमबिबट्या (रशियनमध्ये 'इर्बिस') जुन्या पुस्तकांत उन्सिया उन्सिया आहे, आता पँथेरा उन्सिया. जुना मजकूर असेल तर दोन्ही नावांनी शोधा.