चौदा वर्षं गाडी चालवून इंग्लंडात नापास

माझी भाची सप्टेंबरात इंग्लंडला निघालीय. गेल्या रविवारी भर पावसात पाचपाखाडीला आमच्याकडे आली, ती न्यायच्या सामानाची यादी घेऊनच. कुकर, गोडा मसाला, थर्मल, अडॅप्टर. अगदी तळाशी लिहिलं होतं, ‘लायसन्स बघणे’. मी ते खोडलं आणि वर पहिल्या ओळीत लिहिलं. ताई म्हणाली, “अगं, तिथे ट्रेन-बस असतात की! कशाला हवीय लगेच गाडी?” आम्हीही असंच म्हणत गेलो होतो. त्याची किंमत म्हणजे चार महिने खिडकीतून स्वतःच्याच गाडीकडे बघत बसणं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण सोसायटीतून दर वर्षी दोघं-तिघं तरी जातात आणि प्रश्न तेच असतात.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २०२१च्या ऑक्टोबरात आम्ही रेडिंगला गेलो. दोघांकडेही ठाण्याचं लायसन्स. माझं चौदा वर्षांचं. घोडबंदर रोडवर रोज गाडी चालवलेली, मुंब्रा बायपासला कंटेनरच्या रांगेतून वाट काढलेली. शिवाय तिथेही गाड्या डावीकडूनच चालतात, स्टिअरिंग उजवीकडेच. अमेरिकेला गेलेल्या मैत्रिणींपेक्षा आपलं सोपं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

तिथला नियम असा. तुम्ही तिथले रहिवासी झालात की त्या दिवसापासून बारा महिने भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते. तेराव्या महिन्यात ते लायसन्स तिथे कागदाचा तुकडा. काही देशांचं लायसन्स नुसता अर्ज करून बदलून मिळतं. जपान, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका त्या यादीत आहेत, भारत नाही. म्हणजे आपल्याला लर्निंगपासून सुरुवात: आधी प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग लेखी, मग रस्त्यावरची चाचणी.

आता यातली खरी मेख. आम्हाला एका ओळखीच्याने सांगितलं होतं, “प्रोव्हिजनल काढलंत की भारतीय लायसन्स बाद. मग एल पाटी लावून, शेजारी कुणाला तरी बसवून चालवावी लागेल. शेवटच्या महिन्यात काढा.” हे साफ चूक आहे. पहिल्या बारा महिन्यांत प्रोव्हिजनल काढलंत तरी भारतीय लायसन्सची मुभा वर्ष संपेपर्यंत तशीच राहते. एल पाटी नको, शेजारी कुणी नको, मोटरवेवरही जाता येतं. उलट नियमाची अपेक्षाच ही आहे की त्या वर्षात तुम्ही परीक्षा पास होऊन मोकळं व्हावं. आम्ही त्या सल्ल्यावर विसंबलो आणि अर्ज केला दहाव्या महिन्यात.

प्रोव्हिजनलचा अर्ज डीव्हीएलएकडे, म्हणजे त्यांच्या आरटीओकडे. पण खिडकी नाही, एजंट नाही, झेरॉक्सवाला नाही. स्वान्सीला त्यांचं मुख्य ऑफिस आहे आणि सगळं पोस्टाने किंवा ऑनलाइन. ऑनलाइन फी ३४ पौंड, पोस्टाने ४३. अट एकच महत्त्वाची, तिथे किमान १८५ दिवस राहायची परवानगी हवी, ती विद्यार्थ्यांच्या आणि नोकरीच्या व्हिसावर सहसा असतेच. आमच्या वेळी ओळखीसाठी बीआरपी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्याचं कार्ड असायचं, आता ते बंद होऊन ई-व्हिसा आलाय. लायसन्सवरचा पत्ता मात्र जपा. घर बदललंत आणि कळवलं नाहीत तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पहिल्या वर्षात घर बदलत नाही असा माणूस मला भेटला नाही.

लेखी परीक्षा २३ पौंड. ५० प्रश्न, ५७ मिनिटं, ४३ बरोबर हवेत. हा भाग अभ्यासाचा आहे, दोन आठवडे रोज तासभर बसलं की होतो. अंतरं आणि वेग मैलांत आहेत एवढंच डोक्यात बसवायचं. मला छळलं ते दुसऱ्या भागाने. १४ छोट्या चित्रफिती दाखवतात. गाडीतून दिसणारा रस्ता असतो आणि धोका उभा राहायला लागला की माउस क्लिक करायचा. ७५ पैकी ४४ गुण हवेत. ठाण्याच्या रस्त्यावर मुरलेल्या माणसाला धोका सगळीकडेच दिसतो! फूटपाथवरची आजी, उभी बस, सायकलवरचा मुलगा, मी प्रत्येकावर क्लिक करत सुटले. सराव परीक्षेत संगणकाने त्या फितीला शून्य दिलं, कारण उगाच सारखं क्लिक करणं म्हणजे फसवणूक. त्यांना हवा असतो तो क्षण, जेव्हा त्या आजी रस्त्याकडे वळतात आणि तुम्हाला वेग किंवा दिशा बदलावी लागणार असते. शिवाय लवकर क्लिक केलंत तरी गुण जातात. हे कळल्यावर पास झाले, ४९ गुणांनी. लेखीचा निकाल दोन वर्षं चालतो, तेवढ्यात रस्त्यावरची चाचणी पास व्हावं लागतं.

मधल्या काळात गाडीही घेतली होती. चौथ्या महिन्यात, जुनी, छोटी, १४ नंबरची. तिथे नंबरप्लेटवरच्या दोन आकड्यांवरून गाडीचं वय कळतं. मार्चपासूनच्या सहामाहीत वर्षाचे शेवटचे दोन आकडे, सप्टेंबरपासूनच्या सहामाहीत त्यात ५० मिळवायचे. म्हणजे १४ म्हणजे २०१४ची मार्च ते ऑगस्ट, आणि ६४ म्हणजे त्याच वर्षीची सप्टेंबरनंतरची. पुढची पाटी पांढरी, मागची पिवळी. आपल्याकडे पिवळी बघितली की टॅक्सी वाटते, मला महिनाभर वाटत होतं.

गाडी नावावर करणं हा प्रकार इतका लवकर झाला की मला काहीतरी राहिलंय असंच वाटत राहिलं. माझ्या दिरांनी केए पासिंगची गाडी बेंगळुरूहून ऐरोलीला आणली होती, तेव्हा एनओसी, रोड टॅक्स, फॉर्म यांत त्यांचे कित्येक शनिवार गेले. तिथे नंबर गाडीबरोबर राहतो, गाव बदलो की मालक. विकणाऱ्याने मोबाइलवर डीव्हीएलएच्या साइटवर माझं नाव-पत्ता भरला, व्ही५सी नावाच्या कागदाची हिरवी चिठ्ठी फाडून हातात दिली, झालं. व्ही५सी म्हणजे त्यांचं आरसी बुक, नवीन माझ्या नावाने आठवड्यात घरी आलं. एक लक्षात घ्या, त्या कागदावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. तो मालकीचा पुरावा नाही, असं त्यावरच छापलेलं असतं. पैसे दिल्याची पावती वेगळी घ्या.

गाडी बघायला जाण्याआधी नंबर टाकून एमओटीचा, म्हणजे गाडीच्या सक्तीच्या तपासणीचा, इतिहास बघा, सरकारी साइटवर फुकट दिसतो. गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी ही तपासणी असते. आपल्या पीयूसीशी तिची तुलना करू नका. ब्रेक, टायर, सस्पेन्शन, गंज, सगळं बघतात आणि दर वर्षीचं मायलेज नोंदवतात. मी पसंत केलेल्या पहिल्या गाडीच्या नोंदीत तीन वर्षं ओळीने एकच शेरा होता, मागच्या बाजूला गंज. विकणारा माणूस गोड बोलत होता. आम्ही चहाही न घेता परतलो.

विकत घेतल्यावर गाडी चालवत घरी आणण्याआधी दोन गोष्टी लागतात: टॅक्स आणि विमा. आधीच्या मालकाने भरलेला टॅक्स तुमच्याकडे येत नाही, त्याला त्याचे उरलेले महिने परत मिळतात. तुम्ही हिरव्या चिठ्ठीवरच्या १२ आकडी नंबरावरून आपला भरायचा, तिथेच रस्त्यावर उभं राहून. विमा मात्र खिसा रिकामा करतो. आपला नो क्लेम बोनस मी विचारलेल्या एकाही कंपनीने धरला नाही. चौदा वर्षं अपघात नाही, हे सांगून काय उपयोग, त्यांच्या लेखी मी कालची मुलगी. आमचा पहिल्या वर्षाचा विमा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होता. भारतीय लायसन्स आहे हे स्पष्ट सांगून घ्या, आणि ते बदललं की त्यांना कळवा. विम्याशिवाय चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ दंडाचे पॉइंट. तिथली परीक्षा पास झाल्यापासून दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द, पुन्हा लेखीपासून.

तर, दहाव्या महिन्यात अर्ज, अकराव्यात लेखी, आणि मग चाचणीची तारीख बघायला साइट उघडली. सगळ्यात जवळची तारीख अडीच महिन्यांनंतरची! वर्ष संपलं आणि गाडी दारात उभी राहिली. प्रोव्हिजनलवर चालवायची तर शेजारी २१ वर्षांवरचा, तीन वर्षं तिथलं पक्कं लायसन्स असलेला माणूस बसवावा लागतो. आम्ही दोघंही नवशिके, एकमेकांच्या शेजारी बसून उपयोग शून्य. किराणा पुन्हा बसने. रस्त्यावर नुसती उभी असली तरी टॅक्स आणि विमा चालूच.

मग शिकवणारा गाठला. गाडीच्या काचेवर हिरवा अष्टकोनी बिल्ला म्हणजे पूर्ण परवाना असलेला, गुलाबी त्रिकोण म्हणजे अजून शिकाऊ. पहिल्याच तासाला त्याने वही काढली आणि माझ्या सवयी लिहिल्या. आरसा बघत नाही. वळताना क्लच दाबून गाडी सोडून देते. पुढच्या गाडीला चिकटते. चालवायला मी ठाण्यात मोटर ट्रेनिंग स्कूलच्या मारुती आठशेत शिकले, आणि तिथली चाचणी किती मिनिटं चालली ते इथे सांगत नाही. आरसा मी बघत होतेच म्हणा, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून. परीक्षकाला तुमची मान वळलेली दिसावी लागते.

डिपरचं तर उलटंच. आपल्याकडे समोरच्याने डिपर मारला म्हणजे ‘मी येतोय, बाजूला हो’. तिथे लोक डिपर मारतात ते ‘तू आधी जा’ म्हणून. पहिल्या आठवड्यात एक माणूस मला प्रेमाने वाट देत होता आणि मी ब्रेक दाबून त्याच्याकडे रागाने बघत होते.

चाचणी ६२ पौंड, साधारण चाळीस मिनिटं. आधी २० मीटरवरची नंबरप्लेट वाचायची. चष्मा विसरलात तर तिथेच संपलं. मग निम्मा वेळ नॅव्हिगेशनच्या सांगण्यावरून आपापलं चालवायचं. छोट्या चुका १५पर्यंत माफ, मोठी एकही नाही. माझ्या छोट्या चुका चार. मोठी एक. राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे मला पाठ होतं. पण येणाऱ्या दोन गाड्यांमध्ये फट दिसली आणि पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर गेला. ठाण्यात तीन हात नाक्याला एवढी फट म्हणजे मैदान. मागच्या गाडीला किंचित ब्रेक मारावा लागला, हॉर्नही वाजला नाही. परीक्षक काही बोलले नाहीत, फक्त टॅबवर बोट टेकवलं. मी घरी येऊन पिठलं केलं आणि कुणाचाही फोन घेतला नाही.

पुन्हा चाचणी द्यायला मध्ये किमान दहा कामाचे दिवस जावे लागतात, पण तारीख मिळाली दीड महिन्याने. तेवढ्यात शिकवणारा मला एका रविवारी स्विंडनला घेऊन गेला. तिथे एका मोठ्या गोलाभोवती पाच छोटे गोल आहेत, १९७२ पासून. तिथून दहा फेऱ्या मारल्यावर रेडिंगचं काहीच वाटेनासं झालं. दुसऱ्या खेपेला पास, फेब्रुवारी २०२३. ऑटोमॅटिकवर देऊ नका, मिळालेलं लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचंच असतं.

ठाण्यातून निघण्याआधी करायचं ते थोडकंच आहे. लायसन्सची मुदत बघा, सारथी पोर्टलवर पत्ता आणि नाव पासपोर्टशी जुळवून घ्या, जुनं पुस्तक असेल तर स्मार्ट कार्ड करून घ्या. इंटरनॅशनल परमिट मी हजार रुपये भरून काढलं होतं, वर्षभर चालतं, पण तिथे कुणी उघडूनही पाहिलं नाही. युरोपात भाड्याने गाडी घेणार असाल तर काढा. आणि उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रोव्हिजनलचा अर्ज.

हे सगळं ऐकून भाचीने विचारलं, “मग मावशी, ठाण्याचं लायसन्स टाकून द्यायचं का?” अजिबात नाही. आपलं लायसन्स बदलून मिळत नाही म्हणून ते जमाही होत नाही, ते आपल्याकडेच राहतं. मी गेल्या वर्षी परतले तेव्हा माझं संपायला आठ महिने होते. मुदत संपून वर्ष उलटलं की इथेही पुन्हा चाचणी द्यावी लागते. तिने मोबाइलमध्ये स्वतःच्या लायसन्सची तारीख बघितली आणि कॅलेंडरमध्ये टाकली.