उंदीर-खारींच्या मेंदूवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

टेकडीवरच्या खारी आणि मंडईतल्या घुशी, राहणीप्रमाणे मेंदू कसा बदलला याची तुलना करा नि मोकळे व्हा, असा पुण्यातल्या अनेक कॉलेजी प्रोजेक्टांचा बेत असतो. गडबड प्राण्यांच्या यादीपासूनच होते. चिचुंद्री उंदरासारखी दिसली तरी कृंतक (उंदीर-खारींच्या कुरतडणाऱ्या गटातली) नाही, ससाही नाही. साळिंदर मात्र आहे.

मेंदूचं नुसतं वजन लिहू नका. घूस जाडजूड, म्हणून तिचा मेंदूही जड. वजनाशी भागाकार केला तरी फसगत होते, कारण शरीर वाढतं त्या प्रमाणात मेंदू वाढत नाही. घरातल्या छोट्या उंदराचं मेंदू-शरीर गुणोत्तर सुमारे 1:40, म्हणजे जवळपास माणसाइतकंच! त्या वजनाच्या प्राण्याचा मेंदू साधारण केवढा असायला हवा आणि प्रत्यक्षात केवढा आहे, ते बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘कळपात राहतो म्हणून मेंदू मोठा’ हे वाक्य. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी 1990च्या दशकात ही कल्पना माकडवर्गीयांवर मांडली. उंदरांना ती जशीच्या तशी चिकटवू नका. अमेरिकेतल्या व्होल उंदरांचं बघा. प्रेअरी व्होल जोडीनं संसार करतो, मेडो व्होल करत नाही. दोघांतला गाजलेला फरक आकाराचा नाहीच; ऑक्सिटोसिन आणि व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकांचे ग्राहक (रिसेप्टर) मेंदूत कुठे किती, याचा आहे. शिवाय मेडो व्होलचे नर माद्यांच्या शोधात लांबवर भटकतात आणि वाटा लक्षात ठेवणारा त्यांचा हिप्पोकॅम्पस माद्यांपेक्षा मोठा असतो. आता हे श्रेय समाजाचं की परिसराचं? असे धागे सहजी सुटत नाहीत. भीमाशंकरचं शेकरू बहुतेक एकटंच हिंडतं, पण खारींच्या कुळात झाडावरच्या जगण्याबरोबर निओकॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) वाढल्याचं जीवाश्म कवट्यांवरून दिसलंय. एका कुळातल्या पाच खारी म्हणजे पाच वेगळे पुरावे नव्हेत, त्यांचा सारखेपणा एकाच पूर्वजाकडून आलेला असू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

1960च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात खेळणी आणि सोबत मिळालेल्या उंदरांचा कॉर्टेक्स जड झाला होता. हा प्रयोग ‘उत्क्रांती’ या मथळ्याखाली हमखास सापडतो. तो एकाच आयुष्यातला बदल. पिल्लांकडे वारशानं जात नाही. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचे आकडेही रानातल्या उंदराला लावू नका, पाळीव झाल्यावर मेंदू लहान होतो.

कवट्या बघायच्या असतील तर आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, गाईडच्या सहीचं पत्र घेऊन विचारा. फक्त कवटीच्या साच्यातून मेंदूचा बाहेरचा आकारच मिळतो, आतल्या हिप्पोकॅम्पसचं माप त्यातून काढू नका.