आबांचं कानाचं मशीन डबीतच पडून आहे? या चुका टाळा

आपल्या मराठवाड्यात कित्येक घरी कानाचं मशीन डबीत पडलेलं असतं आणि घरचे म्हणतात "आबा घालतच नाहीत". कसे घालतील, पहिल्याच दिवशी कानात घालून थेट लग्नात नेलं, बँडपुढं बसवलं, त्यांनी वैतागून काढलं ते काढलंच. विसरलेले आवाज परत ओळखायला मेंदूला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवात शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलत, रोज तासभर, मग हळूहळू वाढवायचं. उन्हाळ्यात मशीन कूलरचाही आवाज वाढवतं, बोलताना कूलर अन टीव्ही बंद करा की जरा.

दुसरं म्हणजे ओरडणं. वयानं आधी बारीक आवाज जातात, स, श, फ, थ असली अक्षरं गळतात, म्हणून म्हातारी माणसं म्हणतात "आवाज येतो पण कळंना". ओरडून अक्षर काही स्पष्ट होत नाही, कान तेवढा ठणकतो आणि वर भांडण. समोर बसा, तोंडावर उजेड असू द्या, नाही कळलं तर तेच वाक्य परत न म्हणता शब्द बदला. आणि त्यांना चष्मा लावायला सांगा, ओठ दिसले की निम्मं काम होतं.

सरकारच्या वयोश्री योजनेचे 3000 रुपये आले म्हणून तेवढ्यात बसेल ते मशीन मोबाईलवरून मागवू नका, आधी ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करा, मशीन त्या रिपोर्टवरच सेट होतं. शिट्टी वाजते? बहुतेक वेळा कानात नीट बसलेलं नसतं नाहीतर कानात मळ असतो. आवाजच नाही? सेल बघा, मशीनचं आवाजाचं भोक मळानं बुजलंय का बघा. बटण सेलची चिकटपट्टी काढली की तो वापरा नाहीतर नका वापरू, उतरतोच, म्हणून आधीच काढून ठेवू नका, आणि काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या मग बसवा. रात्री मशीनच्या सेलचं झाकण उघडं ठेवा, घामाची ओल जाते.

नजर कमी झाली असेल तर त्याचं सोपं आहे, ज्वारीची भाकरी स्टीलच्या ताटात दिसत नाही, गडद रंगाचं ताट घ्या, आणि बाज, खुर्ची न सांगता हलवू नका.

पण सगळ्यात वाईट चूक वेगळीच. नजर गेलेली आजी म्हणते "समोर लेकरं खेळायलेत", अन घरचे लगेच भानामती म्हणून देवऋषीकडं पळतात, नाहीतर म्हातारीला वेडं ठरवतात. असं नसलेलं दिसण्याला चार्ल्स बॉने सिंड्रोम म्हणतात, स्वित्झर्लंडच्या बॉने नावाच्या शास्त्रज्ञानं 1760 मध्ये आपल्याच आजोबांचं असं लिहून ठेवलंय. डोळ्यांकडून कमी यायला लागलं की मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो, आजीला बहुतेक वेळा माहीत पण असतं की हे खरं नाही, फक्त सांगायची भीती वाटते. लाईट लावा, नजर इकडंतिकडं फिरवायला सांगा, डोळ्यांच्या डॉक्टरला मोकळेपणानं सांगा. नसलेले आवाज पण ऐकू यायलेत किंवा माणसं ओळखू येईनात असं असेल तर मात्र ते दुसरं काही असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.